दाम खरेदीचे, हक्क भाडेकरूचाही नाही

विकत घेणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. बाजारातून आणलेले पितळी पातेले आपले होते. ते वापरावे, त्याला कल्हई करावी, लेकीला द्यावे किंवा शेवटी मोडीत घालावे. ज्याने ते विकले तो दुकानदार पुढे धंदा बंद करो अथवा गाव सोडून जावो, पातेल्यात भात शिजायचा थांबत नाही. बाजारव्यवस्थेचे जे विवेचन अर्थशास्त्राच्या वर्गात केले जाते त्याचा पाया हाच आहे : दाम चुकते झाले की वस्तूवरील हक्क विक्रेत्याकडून ग्राहकाकडे जातो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत संगणक, मोबाइल आणि त्यांवर चालणारी सॉफ्टवेअर व खेळ यांच्या व्यवहारात हा पाया हलकेच काढून घेतला गेला आहे. पडद्यावरील बटणावर ‘खरेदी करा’ असेच लिहिलेले असते; किंमतही खरेदीचीच आकारली जाते; परंतु ग्राहकाच्या हाती पडते ती केवळ वापराची परवानगी, आणि ती देणाऱ्याच्या मर्जीवर टिकून असते.

तंत्रज्ञान कंपन्यांविषयी सर्वसामान्य माणसाच्या ज्या नित्याच्या तक्रारी असतात त्या वरवर पाहता निरनिराळ्या वाटतात. काल चालणारे सॉफ्टवेअर आज चालत नाही. एकदा पैसे मोजून घेतलेल्या सोयीसाठी पुन्हा वर्गणी मागितली जाते. न विचारता झालेल्या ‘सुधारणे’नंतर चांगला संगणक रखडू लागतो. छपाईयंत्र आपले असूनही ते दुसऱ्या कंपनीची शाई नाकारते. तक्रार करावी तर ऐकायला माणूस सापडत नाही. या साऱ्यांचे मूळ बव्हंशी एकच आहे. वस्तू विकल्यानंतरही तिची किल्ली विक्रेत्याने आपल्या खिशात ठेवलेली आहे. या किल्लीचा प्रश्न आजवर चिडचिडीचा विषय म्हणून सोडून दिला गेला. तो मालकीहक्काचा आणि म्हणून कायद्याचा प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे आहे.

एका खेळाचा शेवट

हा प्रश्न जगापुढे सर्वांत स्पष्टपणे आला तो एका खेळाच्या निमित्ताने. फ्रान्समधील यूबिसॉफ्ट या कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये ‘द क्रू’ नावाचा मोटारशर्यतीचा खेळ विक्रीला आणला. अमेरिकेची एक छोटी प्रतिकृतीच त्यात उभी केली होती आणि या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत खेळणाऱ्याला गाडी हाकता येत असे. अनेकांनी तो तबकडीच्या रूपात, दुकानातून, पूर्ण किंमत देऊन घेतला. मात्र खेळाची रचना अशी होती की एकट्याने खेळायचे असले तरी कंपनीच्या सर्व्हरशी सतत जोडलेले राहणे भाग होते. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून घरात ठेवलेली तबकडी निरुपयोगी झाली. त्यानंतर अनेक ग्राहकांच्या खात्यांतून त्या खेळाचा परवानाही काढून घेण्यात आला. पुढे कॅलिफोर्नियात काही ग्राहकांनी दावा दाखल केला, तेव्हा कंपनीच्या बचावाचा रोख असा होता की आम्ही खेळ विकलाच नव्हता, वापरण्याचा परवाना तेवढा दिला होता.

खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीचे एवढे काय, असे कोणी म्हणेल. परंतु युरोपातील तरुणांनी ती क्षुल्लक मानली नाही. रॉस स्कॉट या चित्रफीतकाराने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मोहिमेतून युरोपीय संघाच्या नागरिक-प्रस्तावाच्या तरतुदीखाली एक मागणी पुढे आली : विकलेला खेळ कंपनीने बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडावा. जुलै २०२५ अखेरच्या मुदतीपूर्वी या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. खुद्द यूबिसॉफ्टनेही सप्टेंबर २०२४ मध्ये याच मालिकेतील पुढच्या दोन खेळांना सर्व्हरविना चालण्याची सोय देण्याचे जाहीर केले. म्हणजे जे तांत्रिक दृष्ट्या अशक्य असल्याचा समज होता ते मुख्यतः इच्छेवर अवलंबून होते.

दुसरा मार्गही कंपन्यांना ठाऊक आहे. सोनीने ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी आणला. तो पडला आणि अवघ्या दोन आठवड्यांत बंद करावा लागला. त्या वेळी ग्राहकांना पूर्ण पैसे परत देण्यात आले. गूगलने आपली स्टेडिया ही खेळसेवा जानेवारी २०२३ मध्ये गुंडाळताना खेळांचे पैसे परत केले. पैसे परत मिळाले ही चांगली गोष्ट झाली. पण ती विक्रेत्याची कृपा होती, ग्राहकाचा हक्क नव्हता. कृपा आणि हक्क यांतील अंतर व्यवहारात फार मोठे असते.

पुस्तकापासून कचेरीपर्यंत

हा रोग खेळापुरता नाही. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल वाचकयंत्रांवरून जॉर्ज ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांना न विचारता परस्पर पुसून टाकल्या. त्यांतले एक पुस्तक ‘१९८४’ हे असावे, हा नियतीचा उपरोध. प्रती विकणाऱ्याकडे प्रकाशनाचे हक्क नव्हते असे कारण देण्यात आले, पैसे परत झाले, कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. पण विकत घेतलेले पुस्तक घरातून परत नेता येते, हे तेव्हा प्रथम लोकांना उमगले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले पुस्तकांचे दुकान बंद केले आणि त्याबरोबर ग्राहकांनी घेतलेली पुस्तकेही नाहीशी झाली. पैसे तेवढे परत मिळाले.

कचेरीच्या आणि उद्योगाच्या साधनांची हीच गत आहे. छायाचित्रे व छपाईची मांडणी यांसाठी जगभर वापरली जाणारी ॲडोबी कंपनीची साधने पूर्वी एकदा पैसे भरून कायमची घेता येत. २०१३ मध्ये कंपनीने पुढील आवृत्त्या फक्त वर्गणीवर देण्याचे ठरवले. गावोगावच्या लग्नपत्रिका व फलक छापणाऱ्यांना तेव्हापासून आपल्या हत्याराचे भाडे दरमहा भरण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ही वर्गणी मध्येच बंद करणाऱ्याकडून घेतला जाणारा आकार आधी नीट सांगितला जात नाही, असा आरोप करून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जून २०२४ मध्ये या कंपनीवर दावा लावला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये आणलेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. तिच्या पुढची आवृत्ती ठरावीक सुरक्षा-चिप नसलेल्या जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. त्यामुळे ज्यांचे सारे भाग ठणठणीत आहेत असे असंख्य संगणक शाळांत आणि लहान कचेऱ्यांत अकाली म्हातारे ठरले.

मराठीने तर हा अनुभव फार पूर्वीच घेतला आहे. संगणकावरील मराठी अक्षरजुळणीच्या सुरुवातीच्या काळात प्रत्येक विक्रेत्याची संकेतलिपी निराळी असे. एकाच्या सॉफ्टवेअरवर जुळवलेला मजकूर दुसरीकडे उघडला की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. त्यांतील कित्येक सॉफ्टवेअर यंत्राच्या मागे एक कुलूपवजा खुंटी जोडल्याशिवाय चालत नसत. पुढे ती खुंटी लावायची खाचच नव्या संगणकांवरून नाहीशी झाली. ज्या प्रकाशकांनी व लेखकांनी आपले ग्रंथ त्या काळात अशा प्रकारे साठवले, त्यांना ते पुन्हा मिळवण्यासाठी फार खटपट करावी लागली. यातून सुटका झाली ती युनिकोड या सर्वांना खुल्या असलेल्या सामायिक संकेतप्रणालीमुळे. किल्ली कोणा एकाच्या खिशात नसली म्हणजे काय होते, याचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको.

भाड्यामागचे अर्थशास्त्र

कंपन्या असे का करतात? त्यांच्या दुष्टपणात याचे उत्तर शोधण्याचे कारण नाही. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९७२ मध्ये एका छोट्या लेखात टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदाराची अडचण दाखवून दिली होती. अशा मक्तेदाराला बाहेरचा प्रतिस्पर्धी नसला तरी त्याची स्पर्धा स्वतःशीच असते. आज चढ्या भावाने माल विकला की उरलेल्या गिऱ्हाइकांसाठी उद्या भाव उतरवावा लागतो, आणि हे ओळखून शहाणे गिऱ्हाईक आजच थांबते. या पेचातून सुटण्याचा एक मार्ग कोस यांनी सांगितला : वस्तू विकू नये, भाड्याने द्यावी.

सॉफ्टवेअरला हे विवेचन तंतोतंत लागू पडते, किंबहुना अधिकच लागू पडते. कारण पातेले कधीतरी झिजते, सॉफ्टवेअर झिजत नाही. दहा वर्षांपूर्वी घेतलेले पत्रलेखनाचे सॉफ्टवेअर आजही पत्र तितकेच चांगले लिहिते. कंपनीच्या नव्या आवृत्तीचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी तिचीच जुनी प्रत असते. तिला बाजारातून हटवायचे तर ती ग्राहकाच्या मालकीची असता कामा नये.

भाड्याची ही युक्ती नवी नाही. अमेरिकेतील युनायटेड शू मशिनरी ही कंपनी जोडे शिवण्याची महत्त्वाची यंत्रे विकतच नसे, दहा-दहा वर्षांच्या कराराने भाड्याने देई, आणि त्या बळावर तिने त्या धंद्यावर पकड बसवली होती. १९५३ मध्ये तेथील न्यायालयाने हे मक्तेदारीचे साधन ठरवून भाड्याने दिली जाणारी यंत्रे विक्रीसाठीही उपलब्ध करण्याचा आदेश दिला. आय.बी.एम. या कंपनीलाही १९५६ च्या तडजोडीनुसार आपली गणनयंत्रे केवळ भाड्याने न देता विकावी लागली. संगणक-उद्योगाच्या बालपणीच कायद्याने जो दरवाजा उघडला होता, तो याच उद्योगाने पुढे पुन्हा लावून घेतला.

तेव्हाच्या आणि आजच्या भाड्यात एक फरक आहे व तो ग्राहकाच्या विरुद्ध जातो. पूर्वी भाडे वसूल करायला माणूस पाठवावा लागे, यंत्र परत आणायला गाडी लागे, वाद झाला तर कोर्टाची पायरी चढावी लागे. या खर्चामुळे मालकही हात राखून वागे. आता सर्व्हरवरून एक आज्ञा सोडली की लाखो घरांतील वस्तू त्याच क्षणी बंद पडते. जप्तीचा खर्च शून्यावर आला, आणि त्याबरोबर मालकाच्या संयमाचे कारणही संपले.

दुसरी बाजू

कंपन्यांची बाजूही ऐकून घेतली पाहिजे. सर्व्हर चालवायला पैसे लागतात. चार माणसे खेळत असताना तो अनंत काळ चालू ठेवा, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खेळातील मोटारींची चित्रे आणि संगीत मुदतीच्या करारावर घेतलेले असते. जुन्या प्रणालीतील सुरक्षेची भोके बुजवत राहणे हा खर्चाचा भाग आहे. चोरून प्रती काढण्याचा उपद्रव खरा आहे आणि तो आपल्याकडेही कमी नाही. शिवाय वर्गणीमुळे एखाद्या गरजूला महागडे साधन एकदोन महिन्यांपुरते स्वस्तात वापरता येते. हे सारे मान्य करायला हरकत नाही.

परंतु या साऱ्यातून निष्पन्न काय होते? भाड्याने देण्याचा धंदा वैध आहे, एवढेच. भाड्याला भाडे म्हणा, मुदत सांगा, दर सांगा. मग घेणारा आपला विचार करील. ग्रंथालयाची वर्गणी भरणाऱ्याला पुस्तक परत करायचे आहे हे माहीत असते आणि त्याची कसलीही तक्रार नसते. आक्षेप आहे तो खरेदीचे दाम घेऊन भाड्याचा हक्क देण्याला. ज्या मुदतीच्या करारांची सबब कंपनी आज पुढे करते, त्यांची मुदत खेळ विकला त्या दिवशीही तिला ठाऊक होती. ती वेष्टनावर छापली असती तर कित्येकांनी पूर्ण किंमत मोजली नसती. माहिती एका बाजूला दडलेली असली की किमतीला अर्थ उरत नाही, आणि मुक्त बाजाराचा हवाला देण्याचा अधिकारही विक्रेत्याला राहत नाही.

‘अटी मान्य’ या चौकटीत ग्राहकाने स्वतःच खूण केली आहे, असा शेवटचा युक्तिवाद केला जातो. ज्या करारनाम्याचा मजकूर वाचायला तासन्‌तास लागावेत, ज्यात एका शब्दाचाही बदल सुचवता येत नाही आणि जो पुढे एकतर्फी बदलण्याचा अधिकार दुसऱ्या पक्षाने राखून ठेवला आहे, त्याला दिलेली संमती ही नावाचीच संमती होय.

आपला कायदा काय म्हणतो?

विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याने आपला लगाम ठेवू नये, हे तत्त्व न्यायालयांनी पूर्वीच सांगितले आहे. अमेरिकेतील एका प्रकाशकाने आपल्या कादंबरीत छापले होते की एक डॉलरपेक्षा कमी किमतीने ही प्रत विकल्यास तो हक्कभंग समजला जाईल. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानाने ती ८९ सेंटला विकली. १९०८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने प्रकाशकाचा दावा फेटाळला : प्रत एकदा विकल्यावर तिच्या पुढील विक्रीच्या किमतीवर प्रकाशकाचा अधिकार चालत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये ओरॅकल कंपनीच्या प्रकरणात असाच निर्णय सॉफ्टवेअरच्या बाबतीत दिला. पूर्ण किंमत घेऊन कायमच्या वापरासाठी दिलेली प्रत, ती तबकडीतून न येता तारेवरून आली तरी, विकलेलीच समजावी आणि ग्राहकाला ती पुढे विकता यावी, असे तेथे ठरले.

भारतातील स्थिती तर अधिक उद्बोधक आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात २००४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तबकडीवर मिळणारे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो, असा निर्णय दिला. पुढे प्राप्तिकर खात्याने परदेशी सॉफ्टवेअरसाठी दिल्या जाणाऱ्या रकमा म्हणजे हक्कशुल्क आहे असे म्हणून त्यांवर कर मागितला, तेव्हा सॉफ्टवेअर-व्यवसायाच्या बाजूने काय सांगितले गेले? आम्ही प्रतिमुद्राहक्काचा कोणताही अंश देत नाही, ग्राहकाला फक्त प्रत मिळते, असे. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते म्हणणे मान्य केले आणि करारात ‘परवाना’ हा शब्द असला तरी असा व्यवहार वस्तुतः मालाची विक्रीच आहे, असा अभिप्राय दिला. तेव्हा करखात्यापुढे जी विक्री ठरते, ती ग्राहकापुढे एकाएकी परवाना कशी बनते? हे निर्णय करविषयक आहेत आणि त्यांतून ग्राहकाचा हक्क आपोआप सिद्ध होत नाही, हे खरे. पण एकाच व्यवहाराची दोन नावे सोयीनुसार वापरू द्यायची की नाही, याचा निर्णय संसदेने केव्हातरी केलाच पाहिजे.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून एक साधा नियम अमलात आणला. खात्यातून ठरावीक काळाने आपोआप जाणाऱ्या वर्गणीची सूचना निदान २४ तास आधी ग्राहकाला मिळाली पाहिजे आणि ती थांबवण्याची सोय त्याला असली पाहिजे. सुरुवातीला पुष्कळांचे व्यवहार अडले, कंपन्यांनी कुरकुर केली. पण त्या एका नियमाने विसरलेल्या वर्गण्यांतून होणारी गळती पुष्कळांच्या ध्यानात आणून दिली. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी पडद्यावरील फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आणि खोटी घाई निर्माण करणे, टोपलीत न मागितलेली वस्तू घुसवणे, वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे असे १३ प्रकार नावानिशी नोंदवले.

ऑनलाइन खेळांविषयीचा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. त्याचा भर पैसे लावून खेळायच्या खेळांवरील बंदीवर आहे. घरेच्या घरे त्या जुगाराने बुडत असताना सरकारने हालचाल केली हे समजण्याजोगे आहे. पण जो मुलगा जुगार खेळत नाही, केवळ खेळातला पोशाख किंवा हत्यार विकत घेतो, त्याच्या फसवणुकीचा विचार त्यात मुख्य नाही. त्याच्याकडून रुपये घेऊन आधी खेळातली नाणी दिली जातात. नाण्यांचे गठ्ठे असे बांधलेले असतात की वस्तू घेतल्यावर काही नाणी हमखास उरतात आणि ती खर्ची घालायला आणखी गठ्ठा घ्यावा लागतो. सुट्या पैशांच्या नावाखाली गोळी हातावर ठेवणाऱ्या वाण्यावर आपण रागावतो. येथे तोच प्रकार हिशेबशीरपणे चालतो. आणि खेळ बंद झाला की ती नाणी, तो पोशाख, सारेच शून्य.

कुळाला मिळाले ते ग्राहकाला मिळो

महाराष्ट्राला या प्रश्नाची एक जुनी ओळख आहे. मुंबई इलाख्यात १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा आणि १९४८ चा कूळ कायदा आले, तेव्हा कायदेमंडळाने एक गोष्ट ओळखली होती : ज्याच्या नावावर मालकी नाही त्याचाही काही हक्क असतो. भाडेकरू घराचा मालक नव्हे, पण त्याला कारणाशिवाय आणि न्यायालयाच्या हुकुमाशिवाय बाहेर काढता येत नाही. कुळाची जमीन मालकाने आपल्या लहरीने काढून घेऊ नये म्हणून तर एवढा लढा झाला. आजच्या सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला, पूर्ण किंमत मोजूनसुद्धा, त्या भाडेकरूइतकेही संरक्षण नाही. त्याला ना कारण सांगितले जाते, ना दाद मागायला सोयीची जागा आहे.

भाडेनियंत्रणाचा दुसरा धडाही विसरू नये. गोठवलेल्या भाड्यामुळे मुंबईतील मालकांनी चाळींची डागडुजी सोडली आणि पागडीचा व्यवहार बोकाळला. म्हणून किमती गोठवा किंवा सेवा कायम चालवा, अशी मागणी आम्ही करत नाही. मागणी मर्यादित आहे आणि तिला इतरत्र आधार आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की काढून घेता येण्याजोगा परवाना देणाऱ्याने ती गोष्ट स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरू नये. हे आपल्याकडे करण्यास एक कलम पुरे आहे. दुसरी गोष्ट मुदतीची. औषधाच्या पाकिटावर असते तशी, आधार निदान केव्हापर्यंत मिळेल याची तारीख विक्रीच्या वेळीच द्यावी. ब्रिटनमध्ये इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांच्या सुरक्षा-दुरुस्त्यांबाबत असा दंडक एप्रिल २०२४ पासून आहे. तिसरी गोष्ट निरोपाची. सर्व्हर बंद करताना वस्तू स्वतंत्रपणे चालेल अशी सोडावी. ते शक्य नसेल तर वापराच्या काळाच्या प्रमाणात पैसे परत करावेत. चौथी गोष्ट दाद मागण्याची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराविरुद्ध तक्रारीची तरतूद आहे, परंतु ती तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही, राज्य आयोगाकडेच करावी लागते. गडचिरोलीच्या विद्यार्थ्याने हजार रुपयांच्या खेळासाठी ती पायरी चढावी, अशी अपेक्षा कोण करील? लहान रकमांच्या अशा तक्रारी जिल्ह्यातच ऐकल्या गेल्या पाहिजेत.

या मागण्यांमुळे वस्तू थोड्या महागतील, असे सांगितले जाईल. महागू देत. खरी किंमत आणि खरी मुदत कळल्यावर ग्राहक स्वस्त भाडे आणि महाग खरेदी यांतून आपल्या गरजेप्रमाणे निवड करील, आणि हीच तर बाजाराची रीत आहे. आज त्याला ती निवडच दिली जात नाही. जी पिढी लहानपणापासून पैसे मोजून काहीच आपले होत नाही असे पाहत वाढेल, ती बचत करून वस्तू घेण्याची आणि ती जपून वापरण्याची सवयही हळूहळू सोडून देईल. हे नुकसान कोणत्याही खेळाच्या किमतीपेक्षा मोठे आहे.

ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या यादीत फसवणुकीचे १३ प्रकार आहेत. विक्रीच्या नावाने दिलेले भाडे हा चौदावा प्रकार म्हणून त्या यादीत घालायला संसदेच्या अधिवेशनाचीही वाट पाहण्याचे कारण नाही. प्राधिकरणाने सुरुवात तेथून करावी.